आज इथंच तलाव

आपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यातल्या आमच्या मॅचिंगच्या दुकानात एका बाईंना डाळिंबी रंगाचे ब्लाउजपीस दाखवत होते. फोनवर त्यांचा मुलगा इम्रान होता. "मौसी, अम्मी गयी," एवढंच म्हणाला. फोन ठेवला, कापड मोजलं, पिशवीत घालून दिलं. बाई पायऱ्या उतरल्यावर नवऱ्याला म्हटलं, शटर ओढा. त्यांनी विचारलं, काय झालं? तेव्हा कुठं रडू फुटलं. याला आता दीड महिना होऊन गेला.

शमीम आपा मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर सायकल शिकल्या, आणि स्वतःला नीट वळवता यायच्या आधीच दुसऱ्या बायकांना बोलवायला लागल्या. दिल्ली दरवाजाजवळच्या त्यांच्या गल्लीत, घरासमोरच्या कडुलिंबाखाली आम्ही दर रविवारी सकाळी जमायचो. जायचं ठिकाण कायम एकच, हर्सूलचा तलाव. आणि कायदाही एकच. सगळ्यात नवी बाई पुढं, बाकीच्या मागं. तिला कुणी ओलांडायचं नाही, मागून घंटी वाजवायची नाही. ती जिथं दमेल तिथं सगळ्यांनी उतरायचं. आपा थर्मासचं झाकण फिरवत म्हणायच्या, "चलो, तलाव आ गया." हे नुसतं बोलणं नव्हतं. चहा खरंच तिथंच व्हायचा, आणि तिथूनच सगळ्या माघारी फिरायच्या. जिला पुढं जायचंय तिनं सोमवारी एकटीनं जावं, असं त्यांचं म्हणणं.

मी पाचोडकडची. आमच्या घरी सायकल होती, पण ती भावांची. माझ्या वाट्याला ती पुसायचं काम. पन्नाशीला साखर निघाली तेव्हा आपांकडं गेले, आणि तेही नवरा "तुला नाय जमायचं" म्हणाला म्हणून. गल्लीत तोल सावरायला शिकले, आणि रस्त्यावर निघाले त्या पहिल्याच रविवारी जेलच्या भिंतीपाशी पॅडल मारवेना. मागं एवढ्या बायका, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं तोंड फटकळ, मी आपांवरच घसरले. "तुम्ही जा की पुढं. माझ्यासाठी कशाला खोळंबता?" त्यांनी शांतपणे स्टँड लावलं. "पुढं कुठं जायचं? तलाव तर इथंच आहे." म्हटलं, ही जेलची भिंत आहे. "हौ," म्हणाल्या, "आज यहीच तलाव है." मला हसू नाही आलं, रागच आला. चहा मात्र प्याले. खरा तलाव गाठायला पुढं मला कितीतरी रविवार लागले, आणि तोवर एकदाही आपांनी मला शाबास म्हटलं नाही. शाबास म्हटलं की बाई उगाच जोर लावते, असं त्या म्हणायच्या. काहीजणी तयार झाल्या की दुसऱ्या ग्रुपात जायच्या, लांब लांब अंतरं मारायच्या, फोटो पाठवायच्या. मला त्याचा लई संताप यायचा. आपा ते फोटो कौतुकानं सगळ्यांना दाखवायच्या.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय दमलं. दवाखान्यातून घरी आल्या त्या निम्म्या होऊन. इम्राननं सायकलीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःकडं ठेवली. मी तावातावानं भांडायला गेले. तो म्हणाला, "मौसी, रस्त्यात काही झालं तर मी कुणाकडं बघू?" त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि माघारी आले. पोराचं काही चुकत नव्हतं. पण इकडं आपा दर रविवारी खिडकीत बसून आम्हाला जाताना बघायच्या. जेवण तुटलं होतं, बोलणं तुटत चाललं होतं. आम्ही हात हलवायचो, त्या पडदा सारखा करायच्या. आपा अशाच, खिडकीतच संपणार, हे मला दिसत होतं, आणि मला वाटतं, इम्रानलाही दिसत होतं.

एका रविवारी त्या चपला घालून बाहेर आल्या. इम्रानला म्हणाल्या, "मला हर्सूलपर्यंत जायचंच नाही. कायद्यानं जाते. आजपासून मी नवीन, मी पुढं." तो आत जाऊन किल्ली घेऊन आला. अट एकच, तो शेजारून चालणार. तो चालत होता आणि आम्ही सगळ्या सायकलींवर त्याच्याही मागं. इतकं हळू सायकल चालवणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं, माझाच तोल जात होता. गल्लीच्या तोंडाशी आपा उतरल्या. आपांचा थर्मास आता रविवारपुरता माझ्याकडं असायचा, म्हणून सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. ते वाक्य मी म्हणायचं होतं. नाही निघालं तोंडातून. शेवटी आपांनीच धापा टाकत म्हटलं, आणि त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी पोटभर खिचडी खाल्ली, असं इम्राननं सांगितलं.

पुढं तलाव घराच्या जवळ जवळ येत गेला. गल्लीच्या तोंडावरून आतल्या रद्दीच्या दुकानापाशी, तिथून आणखी अलीकडं पिठाच्या गिरणीपाशी. शेवटच्या रविवारी गिरणीच्या ओट्यावर टेकल्या, माझ्याकडं बघितलं. "बोल ना, सुनंदा." मी म्हटलं, "आपा, पुढच्या रविवारी आणखी पुढं जाऊ की." त्यांनी माझा हात हातात घेतला. "नये कू ऐसा नहीं बोलते," म्हणाल्या. त्याच आठवड्यात गेल्या.

चाळिसावा दिवस झाल्यावर इम्राननं थर्मास मला कायमचा आणून दिला. सायकल त्यानं ठेवून घेतली आहे, लिंबाखाली, बिनकुलपाची. गेल्या रविवारी आम्ही ठरवलं होतं, आपांच्या नावानं सगळ्यांनी थेट तलावावर जायचं, पाण्यात फुलं सोडायची. जुन्या, ग्रुप सोडून गेलेल्याही आल्या होत्या. निघणार तेवढ्यात एक अनोळखी बाई आली, मुलाची सायकल घेऊन. कुणीतरी हळूच म्हणालं, हिला पुढच्या रविवारी ये म्हणावं, आजचा दिवस वेगळा आहे. मी म्हटलं, आजचा दिवस आपांचा आहे ना, मग ही पुढं. बाई हँडल गच्च धरून निघाली. गिरणी ओलांडली, आणि रद्दीच्या बंद दुकानापाशी पाय टेकून उभी राहिली, घामाघूम. "सॉरी हं… तुम्हाला कुठं जायचंय ते जा तुम्ही, माझ्यामुळं नका थांबू." फुलांची पिशवी माझ्याच हँडलला होती. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

मी स्टँड लावलं, थर्मासचं झाकण फिरवलं. म्हटलं, "उतरा बाई. तलाव आला."

फुलं आम्ही तिथंच ठेवली, त्या बंद दुकानाच्या पायरीवर.