शंभरात अडुसष्ट

हवामान खात्यात त्यांना सगळे साधारणकाका म्हणत. कारणही तसंच होतं. पावसाळ्याच्या तीन महिने आधी ‘यंदा पाऊस सर्वसाधारण राहील’ हे एक वाक्य टाईप करायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि सत्तावीस वर्षांत त्या वाक्याचा काना-मात्रासुद्धा हलला नव्हता. पाऊस मात्र दरवर्षी मनाला येईल तसा पडत होता.

सकाळी बायको विचारी, “अहो, कपडे बाहेर वाळत घालू की आत?”

“ते रोजच्या अंदाजवाल्यांना विचार. माझं काम हंगामाचं.”

“मग हंगाम संपल्यावर घालते,” म्हणत ती बादली उचलून आत जाई.

सुरुवातीला अंदाज सूत्रावर चाले. दूरच्या समुद्राचं तापमान, डोंगरावरचा बर्फ, कुठलातरी हवेचा दाब, असे सोळा घटक त्यात बसवलेले. अंदाज चुकला की समिती भरे, एखाद्या घटकावर खापर फुटे आणि त्याच्या जागी नवा येई. समितीतली माणसं तेवढी जागच्या जागी राहत.

मग मोठं यंत्र आलं. ते समुद्र आणि हवा एकत्र धरून पुढचे महिने गणितानं चालवून बघे. तेही एकदा नव्हे, सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक करत पन्नास वेळा. संचालक वैतागले. “एवढा खर्च करून पन्नास उत्तरं? एक द्यायला काय होतं याला?” काकांना मात्र यंत्र पहिल्या दिवसापासून आवडलं. आपल्याला नक्की माहीत नाही, हे खात्यात कबूल करणारं ते पहिलंच होतं.

तिसऱ्या वर्षी पन्नासांतली चौतीस उत्तरं कोरड्या हंगामाकडे झुकली. संचालकांनी तक्ता नीट पाहिला आणि म्हणाले, “छान. सर्वसाधारण लिहा.” काकांनी लिहिलं. पण पत्रकार परिषदेच्या दिवशी संचालकांचा घसा बसला आणि कागद काकांच्या हाती आला. जीभ घसरली की त्यांनीच घसरू दिली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. “पाऊस कमी पडण्याची शक्यता शंभरात अडुसष्ट.”

“म्हणजे पडणार की नाही?” एका वार्ताहरानं विचारलं.

“तेच तर सांगतोय!”

संध्याकाळी धरणावरच्या इंजिनिअरबाईंचा फोन आला. “काका, आजवर मला आकडा कुणी दिलाच नव्हता. यंदा पाणी जपून सोडते.”

आणि त्या वर्षी पाऊस असा कोसळला की संचालकांच्या केबिनमध्ये बादल्या लावाव्या लागल्या. वर्तमानपत्रात काकांचं व्यंगचित्र आलं, गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेलं. “अहो, उरलेले बत्तीस काय हवेत विरले होते का?” असं ते भेटेल त्याला पटवत सुटले. बायकोनं ऐकून तरी घेतलं. धरणाची दारं घाईनं उघडल्याचं कळताच त्यांनी धास्तावून बाईंना फोन लावला.

“अडुसष्ट म्हणालात, शंभर नाही,” बाई म्हणाल्या. “दारांवर माणसं ठेवलीच होती मी.”

शिक्षा म्हणून काकांची बदली तळमजल्यावर झाली. मागच्या पंचवीस वर्षांचे आकडे यंत्राला द्यायचे आणि त्या त्या वर्षी ते काय म्हणालं असतं, हे ताडून बघायचं. दीड वर्ष ते खपले. पाऊस कमी पडण्याची शक्यता यंत्रानं शंभरात सत्तरच्या आसपास सांगितली असती अशी दहा वर्षं निघाली. त्यातली सात खरोखर कोरडी गेली होती. त्या सातही वर्षांचे जुने कागद काकांनी काढले. सगळ्यांवर ‘सर्वसाधारण’, आणि टाईप त्यांनीच केलेलं.

अहवाल समितीपुढे गेला. समितीनं त्याच्या सुबक बांधणीचं कौतुक केलं आणि यापुढे ‘सर्वसाधारणच्या आसपास’ असं लिहावं, असा क्रांतिकारी ठराव एकमतानं केला.

त्यानंतर काका दरवर्षी आपण होऊन धरणावर फोन करू लागले.

“यंदा किती, काका?”

“बेचाळीस.”

“म्हणजे यंत्र धड काहीच सांगत नाही.”

“नाही सांगत यंदा.”

“बरं. मग दोन्हीची तयारी ठेवते,” म्हणून बाईंनी फोन ठेवला.