वाट बघायला आलेली माणसं

मी बांधलेल्या डोंगरवाटेवरून पहिल्यांदा चालली ती माझ्याच घरची माणसं, आणि ती वर पोहोचलीच नाहीत.

मी चित्रकलेचा मास्तर म्हणून निवृत्त झालो आणि बायको, सुलभा, नातवाला सांभाळायला मुलाकडे पुण्याला गेली ('फक्त दोन महिने हो' म्हणाली होती, त्याला दीड वर्ष झालं). नाशिकच्या घरात आवाज करणारे दोघंच उरलो, मी आणि फ्रिज. म्हणून हरसूलच्या बाजूला डोंगरातल्या पायवाटा दुरुस्त करणाऱ्या तुकडीत नाव घातलं. सोमवार ते शनिवार मुक्काम तिथल्या शाळेच्या ओसरीवर. पावसात वाट वाहून जाऊ नये म्हणून दगडी पायऱ्या रचायच्या, पाण्याला कडेने चर काढायचे. तुकडीची मुकादम जनाबाई, खालच्या पाड्यावरची. बाकीची मंडळी आपसात त्यांच्या बोलीत बोलायची. मला निम्मं कळायचं. सगळे हसले की मीही हसायचो, जरा उशिराने.

सुलभाला फोनवर मी माथ्यावर रचलेल्या दगडी भिंतीबद्दल सांगायला लागलो की पलीकडे कुकरची शिट्टी व्हायची. त्यामुळे 'रविवारी आम्ही सगळे तुमची वाट बघायला येतोय' असं ती म्हणाली, तेव्हा मी चक्क नवा शर्ट घेतला.

गाडी अर्ध्या डोंगरापर्यंत येते. तिथून आमची वाट एकीकडे माथ्यावर चढते, दुसरीकडे पाड्यावर उतरते. मुलगा म्हणाला, घ्यायला या. मी म्हटलं, काही गरज नाही, दगडादगडावर मी पिवळ्या रंगात बाण काढलेत. आणि सकाळी आठलाच सगळ्यांची थालीपिठं घेऊन माथ्यावर भिंतीशेजारी जाऊन बसलो.

दहा वाजले, अकरा वाजले. फोनला रेंज नाही. वाट बघायला येणार होते ते, बघत बसलो मी. आधी राग आला. मग सुलभाचा गुडघा आठवला, नातू आठवला, कडेचा उतार आठवला. एक वाजता धडपडत खाली निघालो, तर समोरून जनाबाई येत होती.

"मास्तर, तुमची माणसं माझ्या घरी जेवतायत."

"खाली कशी गेली? एवढे बाण असताना?"

"बाण हायेत म्हणून तं गेली."

मी जवळच्या दगडाकडे पाहिलं. सगळे बाण मी एकाच दिवशी, माथ्यावरून उतरता उतरता काढले होते. ज्या दिशेने मी चाललो होतो, त्याच दिशेने. प्रमाणबद्ध, सुबक, आणि सगळेच्या सगळे खाली दाखवणारे! मी जनाबाईला विचारलं, आधी का नाही बोललात? ती म्हणाली, शहरात अशीच पद्धत आसंल असं वाटलं.

पाड्यावर घरची मंडळी खुशीत होती. मुलगा नागलीच्या भाकरीवर ताव मारत होता, सुनेने बाणांचे फोटो काढले होते, नातू कोंबडीच्या मागे होता. "बाबा, काय वाट बांधलीत," मुलगा म्हणाला, "एकही चढ नाही!" मग त्याने घड्याळ पाहिलं आणि निघायला हवं म्हणाला. मी थालीपिठांचा डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसलो.

सुलभा माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग तिने चपला घातल्या.

"मुलांना जाऊ दे पुण्याला. मी उद्या बसने जाईन. चला, ती भिंत दाखवा मला."

आम्ही चढायला लागलो. प्रत्येक बाणापाशी ती थांबायची, बाणाकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि विचारायची, "अहो, नक्की ना?"

माथ्यावर पोहोचून ती भिंतीला टेकून बसली. मग मात्र मी सुरू झालो. कुठला दगड कुठल्या ओहोळातून आणला, कुठला तीनदा ढासळला, कुठला माझ्या अंगठ्यावर पडला. चार महिने साठलेलं सगळं. पंचविसाव्या दगडापाशी शेजारी पाहिलं, तर सुलभा गाढ झोपली होती.

मी आवाज जरा खाली आणला. अजून चाळीस दगड राहिले होते.