मी लिहून दिलेली ओळ

माझी सगळी शाळा शहरात, मांडवीला आत्याकडे राहून, इंग्रजी माध्यमात झाली. दादा मात्र पालीच्या पुढे आमच्या गावातच आईबाबांजवळ वाढला. सुट्टीत गावी गेले की वाडीतली पोरं मला ‘मॅडम’ म्हणायची. मी बोलायचे कमी, ओटीवर पुस्तक उघडून बसायचे आणि त्याच्याआडून सगळ्यांकडे बघत राहायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या शिमग्यात दादा तेवीस वर्षांचा होता. खलाशाचं ट्रेनिंग संपलं होतं, महिन्याभरात बोटीवर चढायचं पत्र येणार होतं. त्याच्या मित्रांना असलं कुठलं पत्र येणार नव्हतं. वर्षभर त्यांना कोणी काही विचारत नसे. पण शिमग्यात पालखी खांद्यावर आली की म्हाताऱ्या बायकासुद्धा त्यांना वाट करून द्यायच्या. त्या पाच दिवसांत कोणी त्यांना हसलेलं त्यांना चालत नसे. खालच्या वाडीच्या पोरांचंही तसंच असणार, पण हे मला तेव्हा सुचलं नाही.

त्या वर्षी खालच्या वाडीची पोरं पालखी नाचवत असताना त्यांच्यातला एक जण घसरून गुडघ्यावर आला. पालखी कलली, पडली नाही. दादाने ते मोबाइलवर टिपलं आणि दुपारी मित्रांना घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

“बाय, स्टेटसला एक कडक लाईन दे. इंग्रजीत.”

“कशाला?”

“खालच्या वाडीची जिरवायला! एवढी शिकलीस, वाडीला काय तरी उपयोग होऊ दे गो मॅडमचा.”

सगळे हसले. पहिल्यांदाच ते मला हसत नव्हते, माझ्याबरोबर हसत होते. मी दोन मिनिटांत ओळ लिहून दिली. तिचा अर्थ असा होता: ज्यांना स्वतःचे गुडघे पेलत नाहीत, त्यांच्या खांद्यावर देव कशाला? ‘फाडू!’ म्हणून दादाने माझ्या पाठीत थाप मारली. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, ठेवलेली होती. मी बायकांमध्ये ओटीचं ताट घेऊन उभी होते. खालच्या वाडीचा, मुंबईत नोकरी करणारा एक जण मोबाइल वर धरून माझी ओळ मराठीत सांगत होता, एकेक शब्द सावकाश. आदल्या दिवशी घसरलेला मुलगा खाली मान घालून ऐकत होता. मग तो सरळ दादाच्या अंगावर धावला. दादाच्या हातात ढोल वाजवायची काठी होती. ती त्याच्या डोळ्यावर बसली.

त्या डोळ्याने त्याला आता फक्त उजेड कळतो.

गावातली मोठी माणसं देवासमोर मिटवू म्हणत होती. मुलाच्या वडिलांनी ऐकलं नाही. पोलीस ठाण्यात ते एकच सांगत राहिले, “साहेब, हे रागाच्या भरात झालेलं नाय. आधी लिहून चिथावलंन, मग मारलंन.” बोटीवर नोकरी लावून देणाऱ्या एजंटने आम्हाला आधीच बजावलं होतं, केस झाली तर बोट विसरा.

साहेबांनी मोबाइल बघितला. “हे कोणी लिहिलं?”

दादाने आधी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाला, “मी.”

“इंग्रजीत किती मार्क होते रे तुला?”

“नापास होतो, साहेब. मोबाइलवर शोधून लिवलं.”

मी समोरच्या बाकावर आईला टेकून बसले होते. साहेबांची नजर माझ्यावरून फिरली. मी आईच्या पदराची किनार बघत राहिले.

केस झाली. पत्र आलं, तेव्हा त्याने ते न फोडताच आईकडे दिलं. आता तो दुसऱ्याच्या बागेत आंबे काढतो.

गेल्या मे महिन्यात त्याला बागेत डबा द्यायला गेले होते. तो जेवत असताना मी एकदाचं विचारलं, “तेव्हा माझं नाव का नाही सांगितलंस?”

“तू सांगशील म्हणून थांबलो होतो जरा,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “मग म्हटलं, तू थोडीच बोलणार आहेस.”

एवढं बोलून त्याने डबा माझ्याकडे दिला आणि पुन्हा झाडावर चढला.