कमलाकररावांनी निवडलेला उतार

जुळे सोलापुरातले कमलाकरराव मंद्रूपकर पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. पण घरात काहीही निवडायचं असलं की ते त्यांनीच निवडायचं, हे त्याच्या कितीतरी आधीपासून ठरून गेलं होतं. निवड ते फार काळजीपूर्वक करत. आत्ताचा फ्लॅट घेण्याआधी त्यांनी अख्खं जुळे सोलापूर पालथं घातलं, गच्चीवर चढून पाण्याच्या टाक्या पाहिल्या, बिल्डरच्या सासुरवाडीपर्यंत चौकशा केल्या, आणि शेवटी जो घेतला त्याच्या हॉलची भिंत नेमकी पश्चिमेला निघाली. मे महिन्यात त्या भिंतीला पाठ टेकवत नाही. कूलर त्यांनी आवाज न करणारा निवडला. तो खरोखरच आवाज करत नाही. वाराही फारसा देत नाही. मुलासाठी, आशिषसाठी, त्यांनी सिव्हिल इंजिनिअरिंग निवडलं होतं. आशिष सध्या पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे.

तरी हे काम त्यांच्याकडून कुणी काढून घेतलं नाही, कारण त्यात सगळ्यांची सोय होती. निवड बाबांची असली की पुढे वर्षानुवर्षं नावं ठेवायला बाकीचे मोकळे.

गेल्या मे महिन्यात नात उर्वी सुट्टीला आली होती. दुपारी फ्रीजचं दार उघडून ती त्याच्यासमोर नुसती उभी राहिली आणि म्हणाली, आपण बर्फात जायचं. आशिष फोनवर म्हणाला, हिवाळ्यात बघू, एखादं पॅकेज घेऊन टाकतो. पॅकेज हा शब्द कमलाकररावांना लागला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं की बर्फाचं ठिकाण ते स्वतः निवडतील, आणि नुसतं बर्फ बघून परत यायचं नाही, सगळ्यांनी रीतसर स्कीइंग शिकायचं.

बाहेर डांबर पातळ होत होतं आणि कमलाकरराव बनियनवर, पंख्याखाली, मोबाईलवर बर्फावरून घसरणारी माणसं बघत होते. काही आठवड्यांत त्यांना सगळं कळलं. गुडघे कुठे वाकवायचे, वजन कुठल्या पायावर द्यायचं, थांबताना पायातल्या स्कीच्या लांब पट्ट्यांची पुढची टोकं कशी जवळ आणायची. मग त्यांनी हिमालयातल्या हॉटेलांना फोन लावायला सुरुवात केली. त्यांचं हिंदी सोलापुरी वळणाचं. गरम पानी कितने बजे आता, कमोड है क्या, चपाती मिलती क्या, असे प्रश्न संपले की ते मुद्द्यावर येत: उतार कितना है? एका हॉटेलवाल्याने, आपको जितना चाहिए उतना, असं उत्तर दिलं. ते हॉटेल तिथेच बाद झालं.

गुलमर्ग बाद झालं, कारण तिथला रोपवेचा पाळणा फार उंच जातो आणि आशिषचा कान लहानपणापासून दुखरा. मनाली गर्दीमुळे गेलं. औली रस्त्यामुळे. सकाळच्या फिरण्यातले मित्र विचारायचे, काय कमलाकरराव, ठरलं का? ते म्हणायचे, घाई करून चालत नाही. दिवाळीच्या सुमारास त्यांनी शिमल्याच्या वरचं नारकंडा नक्की केलं. छोटं गाव, हॉटेलपासून चालत जाण्याजोगा उतार, आणि तोही सौम्य. लहान मुलाला जमेल असा. शिकवायला ठाकूर नावाचे पन्नाशीचे गृहस्थ. ही निवड उर्वीसाठी होती, आशिषसाठी होती, सून श्रावणीलाही तेवढाच बदल. बायकोचा, म्हणजे मालतीबाईंचा, त्यांनी या कामी विचार केला नव्हता. मालतीबाईंनी एकदाच म्हणून पाहिलं होतं की तुम्ही सगळे जाऊन या, मी मागे निवांत पाय पसरून बसते. ते कुणी मनावर घेतलं नाही.

जानेवारीच्या शेवटी सगळे नारकंड्याला पोहोचले. दोनच दिवसांपूर्वी भरपूर बर्फ पडलं होतं. कमलाकररावांनी खिडकीतून पाहिलं आणि हे बर्फही आपणच ठरवून पाडलंय अशा नजरेने घरच्यांकडे पाहिलं.

घाटातल्या वळणांनी श्रावणीचं डोकं चढलं होतं. ती दोन रजया अंगावर घेऊन झोपली. आशिषच्या ऑफिसात काहीतरी अडलं, आणि रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात यायची. तो त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला तो जेवायलाच खाली आला. राहिली उर्वी. तिने बर्फाचे गोळे केले, आजोबांना दोन मारले, हातमोजे भिजवले, स्कीचा बूट चढवला आणि पाय दुखतो म्हणून भोकाड पसरलं. अर्ध्या तासात तिची बर्फाची हौस फिटली. तिला खोलीत हीटरपाशी बसून कार्टून बघायचं होतं. कमलाकररावांचा स्वतः उतरण्याचा विचार कधीच नव्हता. ते मार्गदर्शन करणार होते.

ठाकूर उताराच्या पायथ्याशी बूट घेऊन उभेच होते. मालतीबाईंना ते कसंतरीच वाटलं. माणूस दारात आलाय आणि त्याला तसाच परत पाठवायचा, हे त्यांना कधी जमलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "द्या, मी घालून बघते."

पहिल्यांदा त्या उभ्या राहिल्या आणि लगेच बसल्या. पुन्हा उठल्या, पुन्हा पडल्या. कमलाकरराव कडेच्या बाकावरून गुडघे वाकव, गुडघे वाकव, असं सांगत होते. ठाकूरही तेच सांगत होते, फक्त हळू आवाजात. चौथ्या-पाचव्यांदा पडल्यावर मालतीबाई बर्फात बसल्या बसल्या हसायला लागल्या. असं हसणं कमलाकररावांनी लग्नानंतर ऐकलं नव्हतं; आधीचं त्यांना ठाऊक नव्हतं. मग त्या उठल्या, ठाकूरांबरोबर थोड्या वर चढल्या, आणि काय झालं कोण जाणे, सलवार-कमीझवर स्वेटर, त्यावर मफलर अशा थाटात सरळ खालपर्यंत घसरत गेल्या आणि दोन्ही टोकं जवळ आणून व्यवस्थित थांबल्या. ठाकूर म्हणाले, "वाह, माताजी." कमलाकरराव बाकावरून उठून उभे राहिले होते.

रात्रीच्या जेवणाला मनातल्या मनात त्यांना मान्य करावं लागलं की उतार अगदी हवा तसा आहे. त्यांनी केलेल्या निवडीला आयुष्यात पहिल्यांदा नावं ठेवायला जागा नव्हती, आणि ती लागू पडली होती अशा माणसाला, ज्याचं नाव त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं. उद्या थंडी वाढणार आहे, जपून, एवढंच ते म्हणाले. मालतीबाई म्हणाल्या, उद्या मी उताराच्या अगदी वर लावलेल्या झेंड्यापासून निघणार आहे.

दुसऱ्या दिवशी कमलाकररावांनी ठाकूरांकडे बूट मागितले. ते चढवायला ठाकूर आणि हॉटेलचा स्वयंपाकी असे दोघे लागले. इतके महिने सगळं बघितलेलं असल्यामुळे काय करायचं ते त्यांना तोंडपाठ होतं. पण पाय कमलाकररावांचं ऐकेनात. उताराच्या वरच्या अंगाला ते आधी जागच्या जागी उभे राहिले, मग अगदी सावकाश मागे जायला लागले, मग बसले, आणि बसलेल्या स्थितीतच, चेहऱ्यावरची गंभीरता जराही न ढळू देता, लुधियानाच्या एका जोडप्याच्या फोटोमधून पुढे निघून गेले.

उताराच्या मध्यावर ते थांबले. मालतीबाई खालून, शिकवल्याप्रमाणे आडवी पावलं टाकत वर आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. कमलाकररावांनी तो लगेच धरला नाही.

"तुला हे कुठून जमतं?" त्यांनी विचारलं.

"माहेरी मोहोळला आम्ही मुली कॅनॉलच्या भरावावरून सायकल सोडायचो. हात सोडून."

"कधी बोलली नाहीस."

"विषय कुठं निघाला?" मालतीबाई म्हणाल्या. घरातलं मीठ संपलंय हे सांगावं, तितक्याच साधेपणाने. "तुम्ही आशिषची सायकल आणलीत, तेव्हा मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की."

ती सायकल कमलाकररावांनी महिनाभर नवी पेठेत हिंडून निवडली होती. ती आशिषला उंच झाली आणि जिन्याखाली गंजून गेली. त्या महिनाभरात बायकोला सायकल येते का, हा प्रश्न आपल्याला पडला नाही याचं त्यांना बर्फात बसून नवल वाटलं. मग खालून गारठा वर चढायला लागला तेव्हा त्यांनी हात धरला.

उरलेले दिवस ते बाकावर बसले. मालतीबाईंचा चष्मा, शाल आणि पर्स मांडीवर घेऊन. सूचना द्यायचं त्यांनी बंद केलं, म्हणजे मोठ्याने द्यायचं. मालतीबाई वळणावर आल्या की बाकावर बसल्या जागी ह्यांचेच गुडघे वाकायचे.

सोलापूरला परत आल्यावर सकाळच्या फिरण्यात कमलाकररावांना मागणी आली. बर्फ किती होतं, पडलात का, भीती वाटली का. कमलाकरराव खोटं बोलणारे नव्हेत. ते फक्त आम्ही म्हणायचे. "आम्ही वरच्या झेंड्यापासून निघालो ते थेट खाली. ठाकूर म्हणाले, असं इतक्या लवकर कुणाला जमत नाही." हा आम्ही म्हणजे नेमकं कोण, हे कुणी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. दोघाचौघांनी पुढच्या हिवाळ्यासाठी त्यांचा सल्लाही मागितला.

बातमी फिरत फिरत शेजारच्या रत्नम्मांपर्यंत गेली. ओट्यापाशी कढीपत्ता मागायला आल्या असताना त्या कौतुकाने म्हणाल्या, "वहिनी, तुमचे मिस्टर बर्फावरनं लई भारी घसरतात म्हणे. ह्या वयात."

मालतीबाईंनी कढीपत्त्याची डहाळी त्यांच्या हातात दिली.

"हो की," त्या म्हणाल्या. "मी होते ना तिथं."

रत्नम्मा गेल्यावर त्यांनी दार लोटलं, ओट्याला धरलं, आणि ठाकूरांनी गुडघ्यांसाठी दिलेला व्यायाम पुन्हा सुरू केला. नारकंड्याला पुढच्या जानेवारीची खोली त्यांनी आदल्याच दिवशी स्वतः फोन करून सांगून ठेवली होती. उतार, गरम पाणी, कमोड, यातलं काहीही न विचारता.