बर्फाचा वाफसा

नेवाशाकडच्या काळ्या रानात वाढलेल्या काशिनाथला जमिनीनं कधी फसवलं नव्हतं. मूठभर माती उचलायची, दाबायची, सोडायची. ढेकूळ बोटाच्या टिचकीनं अलगद फुटलं, की वाफसा आला. पेरणीची पाभर जोडायला हरकत नाही. पुढं तो इंजिनिअर झाला, न्यूझीलंडला आला, दूध-कारखान्यांची यंत्रं बसवली, हॅमिल्टनच्या रोटोटुनात घर केलं. पण परसात बटाटे लावतानाही आधी मूठ दाबून बघायची सवय गेली नाही.

२०१६ च्या सप्टेंबरात, तिथला हिवाळा सरत असताना, तो लेकीबरोबर रुआपेहू डोंगरावर स्कीइंगला आला होता. ऋग्वेदा अठरा वर्षांची. फेब्रुवारीत ती शिकायला ड्युनेडिनला, पार दक्षिण बेटावर जाणार. दर हिवाळ्यात ती तारेवरून सरकणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टनं वर जायची आणि हा खाली नवशिक्यांच्या उतारावर घुटमळायचा. "पुढच्या वर्षी तुझ्याबरोबर वरून उतरेन," हे त्याचं ठरलेलं बोलणं. आता पुढचं वर्ष उरलं नव्हतं.

सकाळी बर्फ दगडासारखा होता. स्कीखाली आवाज यायचा तो रिकामा तवा उलथन्यानं खरवडावा तसा. काशिनाथनं हातमोजा काढला, टाच मारून खपली उकरली आणि मुठीत दाबली. ती दबेचना.

"अजून वाफसा नाही. ऊन लागू दे."

"बाबा, इट्स नॉट अ फार्म," ऋग्वेदा हसली.

"जमीन ती जमीनच असते, बाई."

ती थांबली. खालच्या उतारावरच दोघं फिरत राहिले. उन्हानं बर्फ हळूहळू सैलावला. पण सगळीकडे सारखा नव्हे. कातळाच्या सावलीत काच, दहा हात पुढं रवा, त्याच्याही पुढं पातळ पिठल्यासारखा राडा. काचेवर काशिनाथ सुसाट सुटे आणि राड्यात स्की रुतून तोंडावर पडे. एवढ्याशा उतारावर इतक्या जाती बघून त्याचं डोकं चालेना. रानात असं होत नाही. काळी ती काळी, मुरमाड ती मुरमाड.

"आता?" ऋग्वेदानं विचारलं.

त्यानं मूठ दाबली. बोटांतून पाणी गळालं.

"आता वाफसा गेला."

"आला कधी होता?"

डबा उघडून दोघांनी मेथीचे पराठे खाल्ले. ती लिफ्टकडे बघत होती, तो आभाळाकडे. बघता बघता शिखरावरून ढग उतरला, वारा सुटला, आणि मघाचा राडा पुन्हा थिजू लागला.

"वारा वाढला की लिफ्ट बंद करतात," ती उठली. "मी एकदा जाऊन येते. तू बस, बाबा. इट्स ओके, रिअली."

रागावली असती तर बरं होतं. तिची खुर्ची ढगात शिरली, दिसेनाशी झाली. काशिनाथ आपल्या हाताकडे बघत राहिला. आपण बर्फाची वाट बघत होतो की भीती वाटत होती? दोन्ही खरं वाटलं, दोन्ही खोटंही. मूठ न दाबताच तो लिफ्टच्या रांगेत शिरला.

वर सगळं पांढरं. जमीन कुठं संपते, आभाळ कुठं लागतं, कळेना. आपण उभे आहोत की घसरतो आहोत, हेही समजेना.

"बाबा?" ढग विरळ व्हायची वाट बघत ऋग्वेदा तिथंच थांबली होती. "तू वर कसा?"

"आलो."

"माझ्या मागं ये. जॅकेटवरची नजर काढू नकोस."

तिच्या लाल जॅकेटवर नजर ठेवून तो निघाला. पायाखाली काच आली, रवा आला, राडा आला. कुठं काय आहे हे पडल्यावरच कळायचं. अर्धा उतार तो स्कीवर आला असेल, अर्धा बुडावर. तो पडला की लाल जॅकेट थांबे.

खाली पोचल्यावर ऋग्वेदानं बर्फ उचलून त्याच्या मुठीत दिला. "बघ. वाफसा आहे?"

त्यानं दाबला. थोडा फुटला, थोडा ओघळला, थोडा तसाच राहिला.

"कळत नाही," तो म्हणाला. "परत जायचं का वर?"

तिनं मागं बोट दाखवलं. लिफ्ट थांबली होती, रिकाम्या खुर्च्या वाऱ्यावर हलत होत्या. सकाळपासून जिला तो टाळत आला, ती बंद झाल्याचं त्याला इतकं वाईट का वाटावं, हे त्याला उमगेना. मूठ उघडी टाकून तो त्या खुर्च्यांकडे बघत राहिला.