जंतांची वैरीण

पोरांच्या पोटातल्या जंतांशी इतकं हाडवैर धरलेली बाई सबंध डिचोली तालुक्यात दुसरी नव्हती, आणि ती माझी बायको होती. आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं तेही त्या वैरापायीच. आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, शाळेत नव्या खोलीचं बांधकाम संपत आलेलं, उरलेल्या वाळूचा ढीग अंगणात. मांजरं तिथं घाण करायची आणि पोरं तिथंच खेळायची. त्या संध्याकाळी आम्ही ढिगावर ताडपत्री ओढून कडेनं चिरे ठेवले. मी वैतागून म्हटलं, "अगो, तू रिटायर होऊन सहा वर्षं झाली." ती म्हणाली, "मी रिटायर झालंय, मांजरां खंय झाली?"

शाळेत ती झाडू मारायची, पण धाक मास्तरणीपेक्षा जास्त. कमरेला किल्ल्यांच्या जागी नेलकटर. माझ्या भाचीच्या लग्नात तिनं ऐन वेळी नवऱ्या मुलाचा हात पकडला आणि दहाही नखं कापली. भटजी ओरडत राहिले. "मुहूर्त थांबता, जंत थांबनत नाय," म्हणाली, आणि मग भटजींचेच हात उलटेपालटे करून बघितले. कुणाचं पोर झोपेत दात खातं, कोण चोरून माती चाखतं, कुणाचे हातपाय काड्या आणि पोट मडकं, हे तिला आयांच्या आधी कळायचं. रविवारी किराईताचा कडू काढा घेऊन निघाली की वाड्यावर एक पोर दिसत नसे. शिकलेली दुसरी. मी चौथी, म्हणजे घरातला विद्वान मी. पण मातीत अंडी असतात, ती नखांतून पोटात जातात, अनवाणी पायांतूनही किडा शिरतो, हे नर्सबाईकडून ऐकलेलं तिला तोंडपाठ. आम्हाला दिसायची नुसती तांबडी माती. तिला त्यात अंडी दिसत असावीत, अशी ती अंगणाकडे बघायची.

आम्हाला मूल नाही. म्हणूनच हे खूळ, असं मी एकदा बोलून गेलो. माझी जीभ तशीच. दोन दिवस ती बोलली नाही. जेवायला वाढायची, पण मी हात दोनदा धुतल्याशिवाय ताट पुढे सरकत नसे.

वर्षातून दोनदा शाळेत जंतांच्या गोळ्या देतात. बांधकामावरची बेळगावकडची माणसं शाळेमागं पत्र्याच्या खोल्यांत राहायची. मागच्या खेपेला त्यांच्या एका मुलीला गोळी खाऊन ओकारी झाली, तेव्हापासून ती माणसं पोरांना पाठवायला तयार नव्हती. ही आठवडाभर रोज त्यांच्या दारात जाऊन बसली. त्या मुलीची आई म्हणाली, "आज्जी, पोरीला काय झालं तर?" "काय एक होवचा नाय. झाला तर माका धरून मार." शेवटी त्यांची आठही पोरं गोळीला यायची कबूल झाली. गोळ्या झाल्या की दोन दिवसांनी ती माणसं दुसऱ्या कामावर जाणार होती. गोळ्यांच्या आदल्या संध्याकाळी ताडपत्री घालून घरी आल्यावर ती म्हणाली, "उद्या आठ जणां. बघा हां."

सकाळी चहा घेऊन गेलो तर ती झोपेतच गेलेली.

माणसं जमली. शाळेच्या बाई आल्या, डोळे पुसत म्हणाल्या, "आजोबा, आज शाळेला सुट्टी देते. त्यांचा मान म्हणून." आमच्याकडं रीतच आहे, शाळेचं माणूस गेलं की शाळा बंद. मी भिंतीला टेकून बसलो होतो, तो उठलो. म्हटलं, "सुट्टी दिलात तर ती उठून बसतली. गोळ्या वाटा." बाई म्हणाल्या, "राहिलेल्यांना आठवड्यानं परत देतात." "आठवड्यान ती आठ पोरां खंय आसतली, तुमी सांगा!" बाई तशाच शाळेकडं वळल्या.

माझा भाऊ कुजबुजला, "उशीर करू नये, उचलूया." मी तिच्या उशाशी बसून राहिलो, कुणाला हात लावू दिला नाही. ऊन अंगणात आलं. लोक आपसांत बोलू लागले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. साडेदहाला बाईंचा निरोप आला, आठही जणांनी गोळी चावून खाल्ली. मी वाकून तिच्या कानात ते सांगितलं. मग भावाला म्हटलं, "आता उचला."