लग्न होऊन गेलेली पत्रिका

आधी ताईंचं सांगते, मग माझं. ताई म्हणजे आमच्या गोळ्यांच्या सेंटरवरच्या ताई. एचआयव्ही असलेल्या बायकांना औषधं, तारखा, तपासण्या समजावून सांगणं हे त्यांचं काम, आणि तीच गोळी त्या स्वतःही रोज घेतात. त्या कारखान्याच्या गेटवर आल्या नसत्या, तर आज मी अशी उड्या मारत नसते. सातवीत शाळा सुटली माझी, चार ओळी लिहायच्या तर घाम फुटतो. पण आज हात थांबतच नाही!

मी सांगलीकडची. नवऱ्याबरोबर बुटीबोरीला आले, तो गेला, मी धाग्याच्या कारखान्यात राहिले. खोलीत आम्ही चौघी. माझ्या आजाराचं कुणाला माहीत नाही. गोळ्यांची बाटली खुळखुळते म्हणून तिच्यात कापूस कोंबून ठेवते. फोनचं तर विचारूच नका. माझा वाजला की जी जवळ असेल ती उचलते, वर स्पीकरवर टाकते.

म्हणून तर ती चूक केली मी. गोळ्या न्यायला गेले तेव्हा ताईंनी बाकावर शेजारी बसवून सांगितलं, "गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घे वं. एचपीव्ही म्हणून विषाणू राहते. पुष्कळ बायांले होते अन् आपोआप जाते. पण आपल्या अंगात ताकद कमी, तं तो आपल्यात मुक्काम ठोकते. वर्षानुवर्षं राहिला तं कॅन्सर करू शकते. आधी पाहिलं तं थांबवता येते."

नर्सबाईंनी मऊ ब्रशने नमुना घेतला. दोन मिनिटांचं काम. मग रजिस्टर पुढे आलं. नंबर? मी शेवटचे दोन आकडे बदलून सांगितले. पत्ता? नुसतं बुटीबोरी. सेंटरच्या जुन्या कागदावर नवऱ्याचा नंबर होता, तो कधीचाच बंद. गोळ्या तीन महिन्यांच्या मिळाल्या होत्या. पुढच्या खेपेला विचारू रिपोर्टचं, असं म्हणून मी निघाले.

तीन आठवड्यांनी दुपारची पाळी सुटली आणि गेटवर बघते तर ताई! काठाची साडी, हातात कुंकवाची डबी, काखेत पिशवी. आता ही सगळ्यांसमोर बोलणार!

"सापडली एकदाची भाची माझी!" ताई ओरडल्या. "कवाची उभी आहो मी इथं." आणि पिशवीतून लग्नपत्रिका काढून त्यांनी माझ्या हातात दिली. आमंत्रणाला कुंकू लावतात तसं माझ्या कपाळाला बोट टेकवलं. नवरा गेल्यापासून कुणी लावलं नव्हतं. त्या क्षणभरसुद्धा अडखळल्या नाहीत.

माझ्या खोलीतली मैत्रीण, रामटेककडची, तोंडाने फटकळ. तिने पत्रिका ओढून घेतली. "अवं माय! हे लगन तं होऊन गेलं! तारीख पाय ना."

मी पत्रिका परत ओढायला गेले, पण तिने सोडली नाही.

"प्रेसवाल्याची चूक वं," ताई म्हणाल्या. "त्याच्यासंगं भांडू भांडू थकली मी. मंगळवारी आहे लगन."

"अन् आम्हाले नाही काय बोलावणं?"

"तुह्या घरचं लगन काढ आधी, मी येतो जेवाले!"

सगळ्या हसल्या. त्या हसण्यात ताई माझ्या कानाशी आल्या. "रिपोर्टमधी एचपीव्ही निघाला. मंगळवारी दहा वाजता दवाखान्यात. घाबरू नको, पण येच."

नंतर कळलं, पिशवीत त्या ओळखीपाळखीच्या घरच्या जुन्या पत्रिका बाळगतात. पत्रिका घेऊन आलेल्या बाईला कुणी विचारत नाही, तू काहून आली. मला शोधत त्या तीन कारखान्यांच्या गेटवर उभ्या राहिल्या होत्या. तपासणीच्या दिवशी माझ्या केसांत कापसाचे धागे दिसले होते, तेवढ्या खुणेवर!

मंगळवारी खोलीतल्या तिघींनी मला नटवलं. लग्नाला जायचं ना! फटकळ मैत्रिणीने तिची हिरवी जरीची साडी नेसवली, एकीने मोत्यांची माळ घातली. अशी सजूनधजून मी तपासणीच्या टेबलावर पडले, ताई उशाशी उभ्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वा, आज काय विशेष?" मला हसू की रडू कळेना.

त्यांनी व्हिनेगरसारखं पाणी लावून पाहिलं. एक पांढरा डाग उठला. "हा कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधीची पायरी आहे. आत्ताच घालवू."

मला एकच ऐकू येत होतं. माझ्या मावशीची गर्भपिशवी काढली होती, आता माझी काढणार. "ताई, मी घरी जाते," मी उठूनच बसले.

"झोप वं! पिशवी काढाले ते काय वांगं आहे, तोडलं अन् टोपलीत टाकलं? गरम टोकानं फक्त डाग जाळतेत." आणि माझा हात त्यांनी असा दाबून धरला की कळ हाताची की पोटाची, मला सांगता आलं नसतं. थोड्या वेळात झालंसुद्धा! वर्षभराने पुन्हा तपासायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, एवढंच.

खोलीवर पोचले तर पहिला प्रश्न, "जेवाले काय होतं?" मी म्हटलं, "वडाभात." रात्रीपर्यंत त्या वड्याभाताचं वर्णन करत बसले.

त्याला वर्ष झालं. वर्षभर पोटात जरा दुखलं की मी हबकायचे. आणि आज दुसरा रिपोर्ट आला. डाग नाही, एचपीव्हीही नाही! मी दोनदा वाचला, मग ताईंना वाचायला लावला, मग सेंटरच्या जिन्यातच त्यांना मिठी मारली. रजिस्टरमध्ये माझा खरा नंबर आहे आता, सगळे आकडे जागच्या जागी.

मग विचारलं, "ताई, तुमची तपासणी केव्हा झाली?"

त्या साडीचा पदर सारखा करू लागल्या. "मले टाइम कुठं भेटते वं? राहूनच गेली."

ताई, हे तुमच्यासाठी लिहिते. एक ना एक दिवस मी तुमच्या दारात उभी राहीन, तुम्हाला कुंकू लावीन, हाताला धरून दवाखान्यात नेईन. तुम्ही टेबलावर पडाल आणि हात मी धरीन. तुमच्यापेक्षाही जोरात दाबीन, सांगून ठेवते.